पूर्वजांचें पाप आणि संस्थेचें ऋण

मनुष्य मेला म्हणजे त्याचें पाप त्याच्याबरोबर जातें, अशी आपली सामान्य समजूत आहे. बापानें खून केला म्हणून मुलास फांशीं देणारें न्यायासन सुधारलेल्या जगांत कोठेंही नाहीं, आणि नसावें. परंतु बापानें चोरून आणलेली गाय मुलाच्या गोठ्यांत असेल, आणि मुलगा रोज सकाळीं तिचें दूध काढीत असेल, तर "चोरी मीं केली नाहीं" एवढ्या उत्तरानें त्याची सुटका होईल काय? पाप आणि ऋण ह्या दोन वस्तू निराळ्या आहेत हें येथें ध्यानांत येतें. पाप ज्याचें त्यानेंच भोगावयाचें. ऋण मात्र घराबरोबर चालत येतें. गेल्या वीस वर्षांत इंग्लंड-अमेरिकेंतील कांहीं ख्रिस्ती मंडळ्यांपुढें हाच प्रश्न उभा राहिला आहे, व तो सोडविण्याचा जो यत्न त्यांनीं चालविला आहे, तो कोणत्याही धर्माच्या मनुष्यानें लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे असें आम्हांस वाटतें.

विषय गुलामगिरीचा आहे. मराठी वाचकास हा शब्द परका नाहीं. जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपल्या पुस्तकाला तेंच नांव दिलें, आणि अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांस तें अर्पण केलें. मुक्त करणाऱ्यांचा तो गौरव योग्यच होता. पण बेड्या घालणाऱ्यांत कोण कोण होते, आणि त्यांत हातांत धर्मग्रंथ असलेले किती होते, ही वही त्या देशांतही फार दिवस कोणीं उघडली नव्हती. आतां ती उघडली गेली आहे, आणि विशेष हें कीं, ज्यांचीं नांवें तींत निघण्याचा संभव होता त्यांनींच ती उघडली आहे.

वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस हें बेट आपल्याकडील एखाद्या लहानशा तालुक्याएवढें. सतराव्या शतकांत इंग्रजांनीं तेथें ऊंस लावला, आणि साखरेच्या लोभानें आफ्रिकेंतून माणसें विकत आणून त्यांना मळ्यांवर राबविण्यास आरंभ केला. तेथील एका मोठ्या मळेवाल्या घराण्यांत क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन हा गृहस्थ १६६८ सालीं जन्मला. ऑक्सफर्ड येथें शिकलेला, ग्रंथांचा मोठा भोक्ता, पुढें लीवर्ड बेटांचा गव्हर्नर झालेला हा मनुष्य १७१० मध्यें वारला. त्याच्या मृत्युपत्रान्वयें ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजास ग्रंथालयासाठीं दहा हजार पौंड मिळाले, आणि बार्बाडोसमधील दोन मळे लंडनच्या एका धर्मसंस्थेकडे गेले. ही संस्था म्हणजे परदेशांत शुभवर्तमानाचा प्रसार करण्यासाठीं १७०१ सालीं राजाज्ञेनें स्थापन झालेली सोसायटी. आपल्याकडे जी 'एस. पी. जी.' ह्या तीन अक्षरांनीं ओळखली जात असे तीच.

मृत्युपत्रांतील अटी वाचण्यासारख्या आहेत. मळे मोडूं नयेत, ते अखंड चालवावे. त्यांवर निदान तीनशे गुलाम नेहमीं ठेवावे. आणि त्या उत्पन्नांतून एक विद्यालय चालवून तेथें निर्धनता, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ह्या तीन व्रतांनीं बद्ध असलेल्या अध्यापकांनीं व विद्यार्थ्यांनीं वैद्यक, शस्त्रक्रिया व धर्मशास्त्र ह्यांचा अभ्यास करावा. निर्धनतेचें व्रत घेतलेल्या साधुपुरुषांच्या चरितार्थाकरितां तीनशे माणसांची मालकी! देणाऱ्याच्या मनांत ढोंग होतें असें आम्हांस वाटत नाहीं. ह्या दोन गोष्टी एकाच कागदावर लिहितांना त्याचा हात अडखळला नाहीं, हेंच खरें भयंकर आहे.

देणगी नाकारण्यास सोसायटी मोकळी होती. तिनें ती घेतली, आणि सव्वाशे वर्षें ती गुलामांची मालकीण राहिली. लंडनमध्यें तिच्या सभा भरत. सभेस बिशप व इतर थोर धर्माधिकारी असत. बेटावरच्या मुनिमाचीं पत्रें येत, साखर किती झाली, भाव काय आला, किती गुलाम मेले व किती नवे घ्यावे लागतील, ह्याचे आंकडे वाचले जात. पहिल्या कांहीं दशकांत नव्या आणलेल्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडानें 'सोसायटी' हा शब्द डागण्यांत येई. पुढें ती चाल बंद झाली. मालकी बंद झाली नाहीं. मळ्यांवर जन्मांपेक्षां मृत्यू अधिक होत, म्हणून भर घालण्यासाठीं पुनःपुन्हा माणसें विकत घ्यावीं लागत, आणि तरीही संख्या टिकत नसे. हे आंकडे ऐकणारे लोक क्रूर नव्हते. त्यांतील कित्येक जण घरीं दयाळू बाप व शेजारीं सज्जन म्हणून प्रसिद्ध असतील. पण समुद्रापलीकडील मनुष्य त्यांच्यापर्यंत पोंचत होता तो आंकड्यांच्या रूपानें; आणि आंकड्याला छाती नसते, म्हणून त्यावरचा डागही दिसत नाहीं. वार्षिक अहवालाच्या सभेंत बसण्याचा प्रसंग ज्यांना आला आहे, त्यांनीं ही गोष्ट आपल्यापाशीं ताडून पाहावी.

गुलामांना बाप्तिस्मा देण्याची उत्सुकता सोसायटीला खरोखरच होती. परंतु ख्रिस्ती झालेला गुलाम हा बंधु ठरतो, आणि बंधूला विकावें कसें, अशी शंका मळेवाल्यांस येई. ती लंडनचे बिशप एडमंड गिब्सन ह्यांनीं १७२७ सालीं पत्र प्रसिद्ध करून दूर केली: बाप्तिस्म्यानें मनुष्याच्या ऐहिक स्थितींत कांहींएक फरक पडत नाहीं, आत्मा मुक्त होतो, देह होता तेथेंच राहतो. व्हर्जिनियाच्या विधिमंडळानें हेंच १६६७ मध्यें कायद्यानें सांगून ठेवलें होतें. धर्मानें कायद्याला मार्ग दाखवावयाचा, तेथें कायदा पुढें गेला आणि धर्म साठ वर्षांनीं त्याची री ओढीत मागून आला.

गुलामगिरी बंद करण्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटनें १८३३ सालीं केला. नुकसानभरपाईसाठीं दोन कोटी पौंड काढून ठेवले गेले, आणि ते दिले गेले मालकांना. ज्यांचीं आयुष्यें ऊंसाच्या सऱ्यांत संपलीं त्यांना एक पेनीही मिळाली नाहीं. उलट आणखी कांहीं वर्षें 'उमेदवारी'च्या नांवाखालीं फुकट राबावें लागलें. कॉड्रिंग्टनच्या मळ्यांवरील ४११ माणसांबद्दल सोसायटीला ८,८२३ पौंड व वर कांहीं शिलिंग मिळाले. ह्या दोन कोटींच्या भरपाईसाठीं सरकारनें जें कर्ज काढलें, त्याची अखेरची फेड २०१५ सालीं झाली. "इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरून काढावयाच्या?" असा प्रश्न जे करतात, त्यांनीं ही तारीख विसरूं नये. मालकांना देण्यासाठीं घेतलेलें कर्ज पावणेदोनशे वर्षें न विसरतां फेडलें गेलें, आणि तें फेडण्यास ज्यांनीं कर दिला त्यांत त्याच गुलामांचे इंग्लंडांत येऊन राहिलेले वंशजही होते. विस्मृति पडते ती देण्याच्या एकाच बाजूला, हें नवल नव्हे काय?

एस. पी. जी. हें नांव आपल्या नगर जिल्ह्यांतील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांत अजून कृतज्ञतेनें घेतलें जातें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथें ह्या संस्थेचें मिशन आलें. ज्यांना गांवच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतें त्यांच्या मुलांना त्या मिशनच्या शाळांत पाटी मिळाली. हें काम खोटें होतें असें कोणीं म्हणूं नये. एकच संस्था एका समुद्रकांठीं माणसाच्या छातीवर आपलें नांव डागते आणि दीडशे वर्षांनीं दुसऱ्या देशांत त्याच नांवानें माणसाला माणूस म्हणून उभें करते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुसरीच्या पुण्यानें पहिली पुसली जात नाहीं, आणि पहिलीच्या पापानें दुसरी खोटी ठरत नाहीं. जमाखर्चाच्या वहींत जमा व नांवें हीं दोन्ही पानें असावयाचींच. आमचा आक्षेप फक्त एक पान फाडण्याला आहे, मग तें कोणतेंही असो.

आतां ह्या प्रकरणांत नेहमीं पुढें येणारा जो युक्तिवाद, तो असा कीं, जुन्या लोकांस आजच्या मापानें मोजूं नये. त्या काळीं सर्वच जण असें करीत, व त्यांत वाईट आहे हें कोणाला ठाऊकच नव्हतें. ह्या बोलण्यांत विनय दिसतो, म्हणून तें लवकर पटतें. पण तें खरें नाहीं. पेनसिल्व्हेनियांतील जर्मनटाउन येथील कांहीं क्वेकर गृहस्थांनीं १६८८ सालींच माणसांच्या खरेदीविक्रीविरुद्ध लेखी निषेध केला होता. न्यू जर्सीचा जॉन वूलमन हा शिंपीकाम करणारा क्वेकर अठराव्या शतकाच्या मध्यावर गांवोगांव हिंडे, आणि गुलाम बाळगणाऱ्याच्या घरीं मुक्काम पडला तर आपली सेवा केलेल्या गुलामांना निघतांना मजुरी देई. फार मोठी क्रांति नव्हे ही. पण ज्या यजमानासमक्ष ती मजुरी दिली जाई, त्याला रात्रीं झोप कशी लागत असेल! खुद्द सोसायटींतही बोलणारा निघाला. चेस्टरचे बिशप बीलबी पोर्टियस ह्यांनीं १७८३ सालच्या तिच्या वार्षिक उपदेशांत कॉड्रिंग्टनच्या गुलामांची स्थिति सुधारण्याविषयीं सभेला स्पष्ट शब्दांत सांगितलें, आणि नंतर एक योजनाही पुढें मांडली. सभेनें ती नाकारली. ठाऊक नसणें आणि ऐकून नाकारणें ह्यांत अंतर आहे.

परंतु हीं उदाहरणें देत असतांनाही आपण एक चूक करीत असतों. 'त्या काळचे लोक' म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें फक्त मालकच उभे राहतात. गुलाम हेही त्या काळचेच लोक होते कीं नाहीं? त्यांना ही गोष्ट वाईट आहे हें कळत नव्हतें काय? १७२३ सालीं व्हर्जिनियांतील कांहीं मिश्रवंशीय गुलामांनीं लंडनच्या बिशपच्या नांवें एक पत्र धाडलें. तें आज लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यांतील ग्रंथालयांत आहे. शुद्धलेखन मोडकें, वाक्यें ओढाताणीचीं. पण विचार अगदीं सरळ. आम्ही बाप्तिस्मा घेतलेले आहों व इंग्लंडच्या चर्चच्या रीतीनें चालतों. तरी इजिप्तच्या लोकांनीं इस्रायलाला छळलें तसें आमचे धनी आम्हांला छळतात. ह्या निर्दय दास्यांतून आमची सुटका करा, आमच्या मुलांना शाळेंत घालून शास्त्र वाचावयास शिकवा, असा त्याचा मथितार्थ आहे. पत्र लिहिणारा सांगतो कीं, आपण आपल्या सख्ख्या भावाचेच गुलाम आहों. धन्याच्या पोटीं दासीला झालेला मुलगा धन्याच्या औरस मुलाच्या मालकीचा होई, हा त्याचा अर्थ. खालीं सही नाहीं. नांव कळलें तर फांसावर लटकावें लागेल, हें कारणही पत्रांतच दिलें आहे. ह्या पत्राला उत्तर गेल्याचें आढळत नाहीं. तें ज्यांच्या कारकीर्दींत लंडनला पोंचलें ते बिशप म्हणजे वर सांगितलेले गिब्सन. आणि चार वर्षांनीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाचा आशय आपण पाहिलाच आहे.

म्हणून 'काळाचें माप' हा शब्द वापरणाऱ्यास आमचें विचारणें आहे: कोणाच्या काळाचें? माप त्या काळींही होतें. तें ज्यांच्या हातीं होतें त्यांच्या हातांत बेड्या होत्या, एवढेंच.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील रोमन कॅथॉलिक मंडळीचें आहे, व तें आम्हांस अधिक बोचतें. मेरिलंड येथील जेझुइट पाद्र्यांचे मळे होते व त्यांवर त्यांचे गुलाम होते. त्यांनींच चालविलेलें जॉर्जटाउन येथील विद्यालय १८३८ च्या सुमारास कर्जांत बुडालें. तेव्हां प्रांताधिपति टॉमस मलेडी ह्यांनीं २७२ माणसें, त्यांत तान्हीं मुलें व वृद्धही, दूरच्या लुइझियानांतील मळेवाल्यांना १,१५,००० डॉलर्सना विकण्याचा करार केला. रोममधील वरिष्ठांनीं परवानगी दिली ती अटी घालून: कुटुंबें फोडूं नयेत, त्यांना आपला धर्म पाळतां यावा, आणि आलेला पैसा कर्जफेडीस लावूं नये. तिन्ही अटी मोडल्या गेल्या. पहिल्या हप्त्यांतील मोठा भाग विद्यालयाच्या कर्जांतच गेला. ह्याच्या दुसऱ्याच वर्षीं, १८३९ मध्यें, पोप सोळावे ग्रेगरी ह्यांनीं गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारें आज्ञापत्र काढलें! विकलेल्या त्या माणसांपैकीं अनेकांच्या वंशजांनीं लुइझियानांत कॅथॉलिक धर्म सोडला नाहीं. ज्यांनीं विकलें त्यांचाच धर्म विकल्या गेलेल्यांनीं अधिक घट्ट धरून ठेवला, हें पाहून मन कुंठित होतें.

जॉर्जटाउन विद्यापीठानें २०१५ मध्यें ह्या व्यवहाराची चौकशी आरंभली. विक्रीच्या कागदावर सर्वांत पहिलें नांव आयझॅक हॉकिन्स ह्या पासष्ट वर्षांच्या मनुष्याचें आहे; मलेडींचें नांव असलेल्या वास्तूला २०१७ सालीं त्या हॉकिन्सचें नांव देण्यांत आलें. वंशजांना प्रवेशाच्या वेळीं प्राधान्य देण्याचें ठरलें. २०१९ मध्यें विद्यार्थ्यांनीं बहुमतानें दर सत्राला २७ डॉलर २० सेंट इतकी वर्गणी स्वतःवर बसवून घेण्याचा कौल दिला. २७२ ह्या संख्येची ती खूण. २०२१ मध्यें जेझुइटांनीं वंशजांबरोबर उभारलेल्या निधीसाठीं दहा कोटी डॉलर्सचें वचन दिलें. वंशजांपैकीं सर्वांचें समाधान झालें असें नाहीं. कित्येकांस ही रक्कम अपुरी वाटली, कित्येकांस आपल्याला विचारलें नाहीं ह्याचें दुःख झालें. त्यांत अयोग्य कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ऋणको आपण होऊन रक्कम ठरवितो व वर धनकोनें समाधान दाखवावें अशी अपेक्षा धरतो, हा कोणत्या सावकारीचा नियम?

इंग्लंडच्या चर्चकडे परत वळूं. २००६ च्या फेब्रुवारींत त्याच्या सर्वसाधारण धर्मसभेनें गुलामगिरींतील आपल्या पूर्वसूरींच्या सहभागाबद्दल क्षमा मागितली. विरुद्ध एकही मत पडलें नाहीं. आर्चबिशप रोवन विल्यम्स ह्यांनीं त्या वेळीं मांडलेला मुद्दा मोलाचा आहे. ख्रिस्ताचें शरीर म्हणून जी मंडळी आपण मानतों, ती आजच्या जिवंत माणसांपुरतीच नसून सर्व काळांत पसरलेली आहे. तेव्हां पूर्वजांच्या लाजेंत आपला वांटा आहेच, असा त्यांचा आशय होता. एकमतानें मागितलेल्या क्षमेबद्दल आमच्या मनांत थोडी शंका राहते, हें सांगून टाकतों. ज्या ठरावानें कोणाचेंही कांहीं जात नाहीं, त्याला विरोध कोण करणार? कसोटी पुढें लागली, व ती पैशाच्या प्रश्नावर लागली.

राणी ॲनच्या काळीं, १७०४ सालीं, गरीब पाद्र्यांच्या मदतीसाठीं एक निधि स्थापन झाला होता. त्या निधीनें आपला पैसा साउथ सी कंपनींत गुंतविला. ह्या कंपनीला १७१३ च्या तहान्वयें स्पेनच्या अमेरिकन वसाहतींना वर्षाला ४,८०० गुलाम पुरविण्याचा मक्ता मिळाला होता, आणि तिनें सुमारें ३४,००० माणसें जहाजांतून नेलीं. हाच निधि १९४८ मध्यें दुसऱ्या एका मंडळांत विलीन होऊन आजचें 'चर्च कमिशनर्स' मंडळ झालें. त्याच्याजवळ सुमारें दहा अब्ज पौंडांची मालमत्ता आहे. ह्या मंडळानें हिशेबतपासनीस नेमून जुन्या वह्या तपासविल्या, २०२३ च्या जानेवारींत अहवाल प्रसिद्ध केला, आणि नऊ वर्षांत दहा कोटी पौंड ह्या कामीं वेगळे काढण्याचें जाहीर केलें. ह्या कामासाठीं नेमलेल्या समितीनें पुढच्या वर्षीं ही रक्कम अपुरी असून एक अब्जाचें ध्येय ठेवावें असें सुचविलें.

लगेच वाद माजला. कांहीं इतिहासज्ञांनीं दाखवून दिलें कीं, निधीचा पैसा मुख्यतः कंपनीच्या वार्षिक व्याजाच्या रोख्यांत होता, आणि १७२३ नंतर ते रोखे म्हणजे वस्तुतः सरकारी कर्जच होतें. गुलामांच्या व्यापाराच्या नफातोट्याशीं त्याचा संबंध नव्हता. हा आक्षेप टाकाऊ नाहीं. प्रायश्चित्ताच्या उत्साहांत हिशेब चुकीचा मांडणें हेंही असत्यच, आणि चर्चनें त्याला शांतपणें, कागद पुढें ठेवून उत्तर दिलें पाहिजे. परंतु आक्षेप सर्वस्वीं मान्य केला तरी कॉड्रिंग्टनचे मळे, ते ४११ जीव आणि ते ८,८२३ पौंड जेथल्या तेथेंच राहतात. कोणत्या पेटींतून द्यावयाचें ह्याबद्दल मतभेद असेल. देणें आहे कीं नाहीं ह्याबद्दल त्यामुळें मतभेद संभवत नाहीं.

दुसरा आक्षेप खेडोपाडींच्या पाद्र्यांकडून आला, आणि तो ऐकून आमचें मन खरोखर द्विधा झालें. हा पैसा मुळांत गरीब धर्मोपदेशकांसाठीं ठेवलेला. आज कित्येक जुन्या देवळांचीं छपरें गळत आहेत, एकेका पाद्र्याकडे पांच-सहा गांवें आहेत. त्यांच्या तोंडचा घांस काढून तीनशे वर्षांपूर्वींच्या पापाची फेड करणें हा विश्वस्तांचा धर्म काय? ह्याला आमचें उत्तर इतकेंच कीं, दान हें ऋण फेडून उरलेल्यांतून करावयाचें असतें. ख्रिस्ती शास्त्रांतील जक्कय नांवाच्या जकातदाराची कथा पाहा. ख्रिस्त त्याच्या घरीं उतरला तेव्हां त्यानें अर्धी मिळकत गरिबांना देण्याचें कबूल केलें, आणि ज्यांना नाडलें असेल त्यांना चौपट परत करण्याचें निराळें कबूल केलें. दान व परतफेड ह्यांची त्यानें गल्लत केली नाहीं. नाडलेल्याला परत केलेल्या पैशाला कोणी औदार्य म्हणत नाहीं, आणि चर्चनेंही म्हणूं नये.

"पण मीं कोठें केलें?" हा मूळचा प्रश्न राहतोच. ह्या ठिकाणीं आपल्या धर्मशास्त्राचा विचार आठवतो. बापाचें ऋण पुत्रानें व्याजासह फेडावें, आजाचें ऋण नातवानें मुद्दलापुरतें फेडावें, आणि त्यापुढच्या पिढीवर बंधन नाहीं, अशी पायरी बृहस्पतीच्या नांवें चालत आलेल्या वचनांत सांगितली आहे. पुत्राच्या ह्या पवित्र कर्तव्याला आपल्या न्यायालयांनीं दीर्घकाळ मान्यता दिली. २००५ च्या कायदादुरुस्तीनें नव्या ऋणांपुरतें तें उठलें. ही पायरी शहाणपणाची आहे. पिढीगणिक बंधन सैल होत जावें, नाहींतर मेलेल्यांच्या ओझ्याखालीं जिवंत माणसें चिरडून जातील. म्हणून आज लंडनच्या एखाद्या देवळांत प्रार्थनेस येणाऱ्या वृद्ध बाईला तिच्या खापरपणज्याच्या मालकीबद्दल कोणीं जाब विचारूं नये, असेंच आमचें मत आहे.

परंतु संस्थेला पिढ्या कोठें असतात? संस्था मरत नाहीं. आणि मरत नाहीं म्हणूनच लोक तिला मृत्युपत्रांनीं मळे व पैसा देतात. जी मंडळी आपली परंपरा थेट प्रेषितांपासून अखंड चालत आली असें अभिमानानें सांगते, ती १७१० सालच्या सभेशीं आपला संबंध नाहीं असें म्हणूं शकत नाहीं. ह्या प्रकरणांत चर्च हें मुलगाही नव्हे, नातूही नव्हे. तो स्वतः मूळचा ऋणकोच आहे, फक्त म्हातारा झालेला. कॉलेजांना, बँकांना, राजघराण्यांना, आणि आपल्या इकडच्या देवस्थानांना व संस्थानांनाही हाच न्याय लागेल.

इकडचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगतों. सोळाव्या शतकांत गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरीं लिन्स्खोटन नांवाचा एक डच चिटणीस होता. १५८३ पासून पांच वर्षें तो तेथें होता. गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज सकाळीं लिलावांत इतर मालाबरोबर स्त्रीपुरुष गुलाम कसे विकले जात, ह्याचें वर्णन त्यानें आपल्या प्रवासवृत्तांत करून ठेवलें आहे. आणि हें वाचून जे हिंदु वाचक फिरंग्यांस हंसतील, त्यांनीं पेशवाईच्या दप्तरांतील कुणबिणींच्या खरेदीविक्रीचे कागदही चाळावे. सरकारी कोठींत आणि थोरामोठ्यांच्या वाड्यांत दळणारीं, कांडणारीं तीं माणसें कोठून आलीं व पुढें त्यांचें काय झालें, ही चौकशी आपल्यापैकीं किती घराण्यांच्या इतिहासकारांनीं केली आहे? बखरींत घोड्यांचीं नांवें सांपडतात.

पश्चात्तापाचाही एक शौक असतो, आणि त्याविषयीं सावध राहणें अवश्य आहे. आपल्या पूर्वजांस चारचौघांत दोष देण्यांत "आम्ही त्यांच्याहून चांगले" असा एक गोड अभिमान लपलेला असतो. ऑल सोल्स कॉलेजानें २०२० सालीं आपल्या ग्रंथालयास कॉड्रिंग्टनचें नांव वापरणें सोडलें, पुतळा मात्र आंत राहूं दिला. नांव काढणें सोपें. त्याच्या दहा हजार पौंडांनीं बांधलेल्या भिंती काढणें सोपें नाहीं, आणि काढूंही नयेत असें आम्ही म्हणूं. पुतळा तेथें असावा, आणि त्याच्याखालीं पैसा कोठून आला तें लिहिलेलें असावें. हीच कसोटी चर्चच्या पश्चात्तापाला लावली तर कळून येतें कीं, खरें काम देवळांतील जाहीर प्रार्थनेंत नसून मागच्या खोलींतील कपाटांत आहे: वह्या, पावत्या, गुलामांच्या याद्या. कॉड्रिंग्टनच्या मळ्यांवरील ज्या माणसांची वर्षावर्षाला मोजदाद झाली, त्यांना तींत बहुधा मालकानें ठेवलेलें एकच नांव आहे, आडनांव नाहीं, गांव नाहीं. ती यादी घेऊन बार्बाडोसमधील आजच्या घरांपर्यंत पोंचावयाचें, म्हणजे मळा, चर्चचें बाप्तिस्म्याचें रजिस्टर व म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी ह्यांची एकमेकांशीं गांठ घालावी लागते.

हें काम आतां सुरू झालें आहे. एस. पी. जी. च्या जागीं आलेल्या संस्थेनें २०२३ च्या सप्टेंबरांत बार्बाडोसमध्येंच जाऊन, तेथील कॉड्रिंग्टन विश्वस्तांबरोबर एका योजनेची घोषणा केली. पुढील दहा-पंधरा वर्षांत सुमारें सत्तर लक्ष पौंड त्यावर खर्च व्हावयाचे आहेत. तेथील रहिवाशांच्या उपयोगाचीं कामें, इतिहासाचें संशोधन व शिक्षण, कुटुंबांचा शोध, आणि दफनभूमींची निश्चिति हीं त्या योजनेंतील अंगें आहेत. आम्हांस ह्यांतील शेवटचें सर्वांत महत्त्वाचें वाटतें. जे ऊंसांत राबतां राबतां मेले ते त्याच भूमींत पुरले गेले. त्यांच्या जागेवर दगड नाहीं, क्रूस नाहीं. ज्या सोसायटीनें त्यांच्या छातीवर आपलें नांव कोरलें, तिच्या वारसांना त्यांचीं नांवें शोधून तेथें दगडावर कोरावयाचीं आहेत, आणि त्यासाठीं आधीं त्या जागा सांपडल्या पाहिजेत.